मागून बघितलेला खेळ

व्हिडिओ गेमचं मशीन मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं ते मागच्या बाजूने.

कराडच्या एसटी स्टँडजवळ एका गल्लीत आमच्या अण्णांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दहा बाय बाराची खोली, भिंतींना फळ्या, फळ्यांवर कुणाकुणाचे पाठ उघडी टाकलेले टीव्ही, आणि सोल्डरिंगचा वास. १९९६ च्या पावसाळ्यात एक दिवस हातगाडीवरून, ताडपत्रीत बांधलेलं एक उंच कपाट आलं. स्टँडसमोर ज्याचं गेमचं दुकान होतं तो घाम पुसत म्हणाला, "अण्णा, चित्र गेलंय. नुसता आवाज येतोय." अण्णांनी कपाट फिरवून घेतलं, मागच्या फळीचे चार स्क्रू काढले आणि मला म्हणाले, "बॅटरी धर."

मी दहा वर्षांची होते. गेमच्या दुकानात मुली जात नसत. जाऊ नको असं मला कुणी सांगितल्याचं आठवत नाही, तशी वेळच येत नव्हती. दाराला काळा पडदा, आत अंधार, धूर, मोठी पोरं. वर्गातली मुलं डबा खाताना ज्या 'मुस्तफा'बद्दल बोलायची तो मुस्तफा मला फक्त ऐकून माहीत होता. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला, आणि त्यातल्या चार पात्रांपैकी एकाचं नाव मुस्तफा कैरो. हे सगळं मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं. आमच्याकडे, आणि देशभरात जिथे जिथे ते मशीन पोचलं तिथे तिथे, पोरांनी त्या अख्ख्या खेळाचं बारसं त्या एका पात्रावरून करून टाकलं होतं.

तर बॅटरीच्या उजेडात मी पाहिलं ते असं. वर पिक्चर ट्यूबचा काळा गळा. खाली ट्रान्सफॉर्मर. बाजूला उभं बसवलेलं हिरवं कार्ड आणि त्यातून निघालेला तारांचा जुडगा. तारा दांड्याकडे आणि बटणांकडे गेलेल्या, आणि दोन तारा नाण्याच्या फटीमागच्या एका चिमुकल्या स्विचकडे. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न चिकटलेला जोड, सापडलं, अण्णांनी टाका मारला आणि चित्र आलं. मग त्यांनी आतूनच बोटाने तो नाण्याचा स्विच दाबला. टक. पुढच्या बाजूला पडद्यावर आकडा शून्याचा एक झाला.

"खेळून बघ सगळी बटणं चालतात का," अण्णा म्हणाले.

ते मला खेळायला देत नव्हते, टेस्टिंगला बसवत होते. पण त्या दिवसापासून पुढची चार-पाच वर्षं गेमवाल्याची जी जी मशीन दुरुस्तीला आली तिची तपासणी मी केली. मी घ्यायचे हॅना, त्या चौघांतली एकटी बाई. रुपया कधीच टाकला नाही. आणि खेळताना प्रत्येक वेळी मला माहीत असायचं की या चित्रामागे काय काय आहे आणि त्यातलं काय काय निकामी होऊ शकतं.

पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकले, पुण्यात नोकरीला लागले. व्हिडिओ गेमचा सुरुवातीचा इतिहास वाचायची गोडी लागली ती या मागच्या बाजूमुळे. ते खेळ कुणी जोडले, कशात जोडले, आणि जोडताना काय बिघडलं, हे मला कळून घ्यायचं असतं.

पहिला व्हिडिओ गेम कोणता यावर भांडणारे पुष्कळ आहेत. कुणी १९५८ सालचा विल्यम हिगिनबॉथम यांचा टेनिसचा खेळ सांगतात. अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत पाहुण्यांच्या दिवशी लोक कंटाळू नयेत म्हणून त्यांनी ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या, गोल हिरव्या पडद्यावर उड्या मारणारा चेंडू दाखवला होता. ज्यांनी अणुबाँबच्या कामात इलेक्ट्रॉनिक्स सांभाळलं आणि नंतर उरलेलं आयुष्य अण्वस्त्रांना विरोध करण्यात घातलं, असे ते गृहस्थ. पण मला त्या भांडणात रस नाही. माझा माणूस वेगळा आहे.

राल्फ बेअर. १९२२ साली जर्मनीत एका ज्यू घरात जन्म. ज्यू म्हणून शाळेतून काढलं गेलं, आणि १९३८ साली घरच्यांबरोबर ते अमेरिकेला निसटले. न्यूयॉर्कमध्ये कारखान्यात हातकाम करता करता त्यांनी रेडिओ दुरुस्तीचा पत्रद्वारे शिकवला जाणारा अभ्यासक्रम पुरा केला आणि रेडिओ मेकॅनिक म्हणून पोट भरायला लागले. व्हिडिओ गेमचा जनक म्हणून ज्यांचं नाव घेतात ते बेअर आधी दुरुस्तीवाले होते! हे वाचलं त्या दिवशी मी लगेच कराडला फोन लावला. अण्णांनीही पोस्टाने येणाऱ्या पुस्तकांवरच रेडिओ शिकला होता. "बघ की," एवढंच म्हणाले, पण ते दोन शब्द ते सावकाश म्हणाले.

बेअर नंतर टेलिव्हिजन इंजिनिअर झाले. घराघरांत जो टीव्ही आहे त्यावर नुसतं बघत बसण्याऐवजी काही करता आलं तर, हा विचार त्यांच्या डोक्यात फार आधीपासून होता. १९६६ च्या ऑगस्टअखेर न्यूयॉर्कच्या बस टर्मिनलवर एका सहकाऱ्याची वाट बघत असताना त्यांनी तो कागदावर उतरवला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून चार पानांचं टिपण केलं. ते ज्या सँडर्स असोसिएट्समध्ये होते ती कंपनी लष्करी उपकरणं बनवणारी. तिथे दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी एकामागून एक नमुने केले. शेवटच्या नमुन्याच्या पेटीला लाकडासारखा दिसणारा चिकटकागद लावला होता म्हणून त्याला 'ब्राउन बॉक्स' म्हणायचे. तोच १९७२ साली मॅग्नाव्हॉक्सने 'ओडिसी' नावाने बाजारात आणला. त्यात आवाज नव्हता. गुण मोजायची सोय नव्हती, ते खेळणाऱ्यांनी आपले आपण लिहायचे. पडद्यावर फक्त दोन-तीन पांढरे चौकोन आणि एक रेघ. टेनिसचं कोर्ट किंवा चक्रव्यूह हवा असेल तर डब्यातून आलेला रंगीत पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा.

लहानपणी ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीपुढे लावायची रंगीत काच मी पाहिली आहे. वरती निळी, मध्ये पिवळसर, खाली हिरवी. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं दिसायचं. त्यामुळे ओडिसीच्या त्या प्लॅस्टिकचं मला कधी हसू आलं नाही. जिथे मशीनची ताकद संपते तिथून पुढे माणसाने हाताने काहीतरी चिकटवायचं, हे आमच्या दुकानात रोज चालायचं.

त्याच वर्षी, १९७२ च्या जूनमध्ये, कॅलिफोर्नियात नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी अटारी कंपनी काढली. ॲलन अल्कॉर्न हा तरुण इंजिनिअर त्यांनी घेतला. त्याला व्हिडिओ गेमचा अनुभव नव्हता, तेव्हा हात बसावा म्हणून बुशनेल यांनी त्याला एक सोपं काम दिलं: एक चेंडू, दोन फळ्या, मधे जाळी, आणि गुण. वर खोटंच सांगितलं की हे जनरल इलेक्ट्रिकच्या कंत्राटाचं काम आहे. बुशनेल यांनी बेअर यांच्या ओडिसीवरचा टेनिस त्याच्या आदल्या महिन्यात एका प्रदर्शनात बघितला होता. त्यावरून पुढे खटला झाला आणि अटारीला तडजोड करून परवाना घ्यावा लागला.

अल्कॉर्नने जे बनवलं ते 'पाँग'. मी त्याचं सर्किट पहिल्यांदा बघितलं तेव्हा तास-दीड तास उठले नाही. त्यात प्रोसेसर नाही. प्रोग्रॅम नाही. आयसींच्या, म्हणजे छोट्या चिप्सच्या, रांगा आणि तारा, बस. चेंडू कुठे आहे हे कुठेही 'लिहिलेलं' नाही. टीव्हीचा किरण पडद्यावर ओळी काढत जातो आणि मोजणारी सर्किटं ठरलेल्या क्षणी त्याला उजळ करतात. बोट ठेवून मागे मागे जाता येईल असा खेळ. अण्णांना दाखवला असता तर दिवसभरात त्यांनी तो पाठ केला असता.

अल्कॉर्नने सांगितल्यापेक्षा जास्त केलं. फळीचे आठ भाग पाडले. मधोमध लागलेला चेंडू सरळ परततो, कडेला लागलेला तिरका जातो. टोलवाटोलवी लांबली की चेंडूचा वेग वाढतो. आवाजाच्या बाबतीत दोन्ही मालकांची फर्माईश मोठी होती: बुशनेलना प्रेक्षकांचा जल्लोष हवा होता, डॅबनींना हरणाऱ्यासाठी हुर्यो. अल्कॉर्नकडे तेवढे सुटे भाग नव्हते. त्याने टीव्हीचे सिग्नल जुळवणाऱ्या सर्किटमध्येच कोणकोणते सूर आयते पडले आहेत ते शोधलं आणि त्यातून तो 'टुक' काढला. अर्ध्या शतकानंतरही तो आवाज लोक ओळखतात.

आणि फळी वरपर्यंत जात नव्हती.

हाच तो मुद्दा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. फळी हलवणारं सर्किट साधं होतं आणि त्यात उपजतच खोट होती. पडद्याच्या अगदी वरच्या कडेला फळी पोचायचीच नाही. तिथे एक फट राहायची. अल्कॉर्नला ती दिसली, दुरुस्तही करता आली असती. त्याने ती राहू दिली. त्याचं म्हणणं असं की ती फट नसती तर दोन चांगले खेळणारे समोरासमोर आले की खेळ संपलाच नसता.

पहिलं मशीन सनीव्हेलच्या अँडी कॅप्स टॅव्हर्न नावाच्या दारूच्या गुत्त्यात ठेवलं. चार फुटांची लाकडी पेटी, आत दुकानातून आणलेला पंचाहत्तर डॉलरचा हिताची ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. थोड्याच दिवसांत तक्रार आली की मशीन बंद पडलं. अल्कॉर्न जाऊन बघतो तर नाण्यांची पेटी काठोकाठ भरलेली, नवीन नाणं आत जायला जागाच नाही. इंजिनिअरला असा बिघाड आयुष्यात एकदा जरी भेटला तरी पुरे.

आता दहा वर्षं मागे जाते, कारण याच गोष्टीची उलटी बाजू तिथे आहे. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या कॉम्प्युटरवर 'स्पेसवॉर' लिहिला. त्या मशीनची किंमत सव्वा लाख डॉलरच्या घरात होती आणि ही पोरं त्यावर रात्री दोन यानांची लढाई खेळत बसायची. मधोमध एक तारा, तो दोन्ही यानांना आपल्याकडे ओढतो. पाठीमागचे तारे सुरुवातीला कसेही विखुरलेले होते. पीटर सॅम्सनला ते सहन झालं नाही, त्याने खऱ्या आकाशाचा नकाशा भरून तो हळूहळू सरकता ठेवला. मशीनवरचे खटके दाबून कोपरं दुखायला लागली तेव्हा दोघांनी हातात धरायच्या पेट्या बनवल्या. रसेलने आणखी एक गोष्ट केली होती. खरी हत्यारं कधी अचूक नसतात, म्हणून त्याने टॉर्पेडोच्या दिशेत आणि वेगात थोडी थोडी चूक मुद्दाम घातली. कुणालाच ती आवडली नाही. नेम बरोबर धरला असताना टॉर्पेडो भलतीकडे जातो म्हणजे काय? शेवटी ती काढावी लागली. मात्र मशीनला हिशेब झेपत नव्हता म्हणून त्या टॉर्पेडोंवर ताऱ्याची ओढच लागू केलेली नव्हती, आणि ही भौतिकशास्त्रातली ढळढळीत चूक सगळ्यांनी आनंदाने चालवून घेतली.

एक चूक खपली नाही, दुसरी खपली. मला वाटतं, ओढ न लागणारा टॉर्पेडो रोज तसाच वागतो. पाँगमधली फट रोज तिथेच असते. ती तुमच्याशी आणि समोरच्याशी सारखीच वागते, आणि आठवड्याभरात तुमचा हात तिला ओळखायला लागतो. भरवशाचा नसलेला टॉर्पेडो मात्र कधीच ओळखीचा होत नाही.

हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. ते मी आमच्या दुकानात पाहिलं होतं.

१९९८ सालची गोष्ट. गेमवाल्याच्या एका मशीनचा दांडा डावीकडे नीट लागत नव्हता. दांड्याखाली चार दिशांना चार मायक्रोस्विच असतात. डावीकडचा झिजला होता. जरा जास्त रेटा दिला तरच लागायचा, आणि लागला की सुटायला वेळ घ्यायचा. मशीन खरं तर दुसऱ्याच कामासाठी, आवाजासाठी, आलं होतं. अण्णांनी दांडा हलवून बघितला, त्यांना ते पटलं नाही, आणि न सांगता त्यांनी नवा स्विच बसवून दिला. पैसेही मागितले नाहीत.

तिसऱ्या दिवशी गेमवाला दारात. मागे तीन पोरं. "अण्णा, ही म्हणतात आधीचं होतं तसंच करून द्या."

झालं असं होतं की रोजच्या पोरांनी तो आजारी स्विच पचवला होता. केव्हा रेटायचं, किती आधी सोडायचं, सगळं मनगटात बसलं होतं. बाहेरगावची, कॉलेजची मुलं आली की त्या मशीनवर त्यांचं काही चालायचं नाही. आता दांडा लगेच लागत होता आणि लगेच सुटत होता, आणि आमच्या गल्लीतले पट्टीचे खेळाडू पहिल्याच फेरीत आउट होत होते. त्यातला एक तर रडवेला झाला होता.

अण्णांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "बिघडलेला माल मी बसवत नसतो."

पोरं गेली. मला तेव्हा अण्णांचंच बरोबर वाटलं होतं. आज दोन्ही बाजू बरोबर वाटतात आणि ते मला नीट मिटवता येत नाही.

जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांच्यापुढे असाच प्रश्न आला तेव्हा त्यांनी पोरांची बाजू घेतली असं म्हणता येईल. १९७८ चा 'स्पेस इन्व्हेडर्स', टायटो कंपनी. हा खेळ निशिकादो यांनी जवळजवळ एकट्याने केला. त्यासाठी लागणारं साधनच मिळत नव्हतं म्हणून आधी ते साधन स्वतः बनवलं. माणसांवर गोळ्या झाडायच्या नाहीत हे त्यांनी ठरवलं आणि ऑक्टोपस, खेकडे, माखल्या यांच्यासारखे दिसणारे परग्रहवासी काढले. पाच रांगा, रांगेत अकरा, एकूण पंचावन्न. पडदा काळा-पांढराच, रंग हवा म्हणून वर सेलोफेनच्या पट्ट्या. पुन्हा तीच रंगीत काच.

आतला इंटेल ८०८० प्रोसेसर त्या काळाच्या मानाने चांगला होता, तरी पंचावन्न जणांना एकदम हलवणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र एकदा नव्याने काढताना, तो एकालाच हलवतो. सेकंदाला साठ फ्रेम. सगळे जिवंत असताना अख्ख्या फौजेचं एक पाऊल पडायला जवळपास एक सेकंद लागतो. तुम्ही मारत गेलात की रांग विरळ होते, पाळी लवकर लवकर येते, फौज भरभर चालायला लागते. शेवटचा एक उरतो तेव्हा प्रत्येक फ्रेमला त्याचीच पाळी आणि तो सैरावैरा पळत सुटतो. त्याच्याबरोबर खालचे चार सूर, दुम दुम दुम दुम, हेही जलद होत जातात.

हे निशिकादो यांनी आखलेलं नव्हतं. मशीनच्या थकव्यातून ते बाहेर पडलं. वेग सारखा ठेवायची तजवीज त्यांना करता आली असती. त्यांनी तो होता तसाच राहू दिला, आणि त्यामुळे असा खेळ झाला की ज्यात तुम्ही जितके जिंकत जाल तितकी छातीची धडधड वाढते. खेळाडू घाबरतो आहे आणि मशीन हलकं होत चाललं आहे, दोन्ही एकाच वेळी. पूर्वी दुकानात भर उन्हाळ्यात अण्णा एखाद्या टीव्हीची मागची फळी काढून ठेवायचे आणि तो टीव्ही सुटल्यासारखा चालायला लागायचा. मला त्याची आठवण होते.

'पॅक-मॅन'बद्दल लिहिताना माझा हात जरा जड होतो, कारण तो खेळ माझ्यासारख्यांसाठी केला होता. मे १९८० मध्ये टोकियोच्या शिबुया भागात तो पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला. नामको कंपनीचे तोरू इवातानी तेव्हा पंचविशीचे. गेमची दुकानं म्हणजे पुरुषांचे अड्डे झालेत, मुली आणि जोडपी तिथे यावीत, म्हणून मारामारीऐवजी खाण्यावर खेळ बेतायचा असं त्यांनी ठरवलं. तुकडा काढलेल्या पिझ्झासारखं तोंड. जपानीत घास खाण्याच्या आवाजाला 'पाकू पाकू' म्हणतात, त्यावरून नाव. मी तो खेळले शेजारच्या घरी, टीव्हीला जोडायच्या डब्यावर, '९९९९ इन १' लिहिलेल्या पिवळ्या कॅसेटमध्ये. काळा पडदा नाही, धूर नाही. शेजारच्या काकू शेंगा सोलत बसलेल्या आणि आम्ही चौघी पाळीपाळीने. इवातानींनी मनात धरलेली मुलगी शिबुयात होती, पण ती कराडच्या शनिवार पेठेतही होती हे त्यांना कळवायला हवं होतं असं मला वाटत राहतं.

चक्रव्यूहातले ठिपके खात पळायचं आणि मागे लागलेल्या भुतांना चुकवायचं, असा तो खेळ. चार भुतांना चार स्वभाव आहेत आणि ते फार थोड्या नियमांतून आलेत. तांबडं भूत तुम्ही जिथे आहात तिथे येतं. गुलाबी भूत तुमच्या तोंडासमोरची चार घरं पुढची जागा गाठायला बघतं. निळं भूत तुमची आणि तांबड्याची जागा दोन्ही धरून हिशेब करतं. नारिंगी भूत लांबून धावून येतं आणि आठ घरांच्या आत आलं की अवसान गळून आपल्या कोपऱ्याकडे वळतं. यात दैवाचा भाग जवळजवळ नाही. तुम्ही तेच केलंत तर भुतंही तेच करतात, म्हणून लोकांनी वाटा पाठ केल्या. आणि त्या गुलाबी भुताच्या हिशेबात एक चूक आहे. तुमचं तोंड वरच्या दिशेला असलं की ते चार घरं वर बघतं आणि बेरजेतल्या गफलतीमुळे चार घरं डावीकडेही सरकतं. ज्यांना हे माहीत झालं ते नुसतं तोंड वर करून त्याला चकवायला शिकले.

दुसरी चूक शेवटी आहे. पातळीचा आकडा एका बाइटमध्ये ठेवला होता, त्यात शून्य ते २५५ एवढंच मावतं. २५६ व्या पातळीला फळं मांडणारा हिशेब कोलमडतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या नि चिन्हांच्या कचऱ्याने भरून जातो. त्या बाजूला पुरेसे ठिपकेच उरत नाहीत, त्यामुळे पातळी पुरी होत नाही. इतकं लांब कुणी जाईल असं करणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. पण लोक गेले. त्या मोडक्या पडद्यामुळेच या खेळाला कमाल गुण ठरले: ३३ लाख ३३ हजार ३६०. न संपणारा खेळ एका बिघाडाने संपता झाला.

मुलींसाठी खेळ करणं वेगळं आणि मुलीने खेळ करणं वेगळं. अटारीच्या आर्केड विभागात डोना बेली प्रोग्रॅमर होत्या, तिथल्या एकट्याच बाई. एड लॉग यांच्याबरोबर त्यांनी १९८१ चा 'सेंटिपीड' केला. काळ्या आकाशात यानं फोडायच्या त्या दिवसांत त्यांनी बाग काढली, अळंबी काढली, फिकट गुलाबी-हिरवे रंग निवडले, आणि दांड्याच्या जागी तळहाताने फिरवायचा गोळा दिला. काही काळाने त्या हे क्षेत्र सोडून गेल्या. दुकानाच्या त्या काळ्या पडद्याची आठवण मला इथे येते आणि मी पुढे जाते.

सगळेच बिघाड राहू दिले गेले असंही नाही. अवकाशातले दगड फोडायच्या १९७९ च्या 'ॲस्टेरॉइड्स'मध्ये खेळाडूंनी एक पळवाट काढली. एक-दोन लहान दगड मुद्दाम शिल्लक ठेवायचे आणि कडेला टपून येणाऱ्या उडत्या तबकड्या टिपत गुण कमवत राहायचं. एका नाण्यावर तासन्‌तास. पुढच्या आवृत्तीत कंपनीने ती वाट बुजवली. मशीन नाण्यावर चालतं आणि दुकानाला भाडं असतं; आमच्या गेमवाल्याचा चेहरा आठवला की मला तेही समजतं.

१९८३ साली अमेरिकेत हा धंदा गडगडला, घरगुती खेळांच्या न खपलेल्या कॅसेटी अटारीने न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरल्या, २०१४ साली लोकांनी त्या उकरून काढल्या. त्याबद्दल खूप लिहिलं जातं. मला त्यात फारसं काही दिसत नाही. तो दुकानदारीचा इतिहास आहे.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त कॅलिफोर्नियाला जाणं झालं. एक दिवस मोकळा होता, मी माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये गेले. तिथे पीडीपी-१ दुरुस्त करून चालता ठेवला आहे. गोल पडद्यावर दोन यानं ताऱ्याभोवती पडत होती, मागे सॅम्सनचं आकाश सरकत होतं, आणि ज्यांनी ते मशीन जागं केलं अशा पिकल्या केसांच्या स्वयंसेवकांकडे मी पडद्यापेक्षा जास्त वेळ बघत राहिले. त्यांच्या बोटांची ठेवण अण्णांसारखी होती. मग तिथेच गुत्त्यातलं ते पहिलं पाँगही भेटलं.

रात्री अण्णांना फोन केला. दुकान बंद करून त्यांना सहा वर्षं झाली होती. मी सगळं सांगितलं, फळीचं, वरच्या फटीचं, अल्कॉर्नला बिघाड दिसला होता आणि तरी त्याने तो राहू दिला, हे तर दोनदा सांगितलं. आणि न राहवून विचारलं, त्या पोरांचा स्विच आठवतो का?

"आठवतो," अण्णा म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"त्याचं मशीन त्याने स्वतः बनवलेलं होतं," ते म्हणाले. "माझ्याकडे आलेलं गिऱ्हाइकाचं होतं." आणि मग लगेच, "मागून बघू दिलं का गं तुला?"

"नाही अण्णा. जवळ जाता येत नव्हतं. पुढूनच बघायचं."

"पुढून?" अण्णा म्हणाले. "मग काय बघितलंस?"